‘हे संशोधन नाही, वार्तांकन आहे’ : समितीच्या या आक्षेपाला काय उत्तर द्यायचं?

प्रबंधार्थी

नमस्कार. राज्यशास्त्रात पीएचडी करते आहे. विषय आहे नागरिकांच्या तक्रारींची जाहीर सुनावणी. ठरलेल्या दिवशी अधिकारी बसतात, लोक एकेक करून तक्रार मांडतात, कारकून नोंदवहीत उतरवून घेतो, शिक्का मारून पोच देतो, पुढचा माणूस येतो. मला पडलेलं कोडं असं की कित्येकांची तक्रार वर्षानुवर्षं सुटत नाही, तरी ते येत राहतात. त्यांचा आरडाओरडा नसतो. नेमाने येतात, जुन्या सगळ्या पोचा तारखेच्या क्रमाने फाइलला लावून आणतात आणि नवी पोच त्यांच्यावर लावून घरी जातात.

मी खोलीत मागच्या बाकावर बसून टिपणं काढली, रांगेत उभी राहिले, काही जणांशी पुन्हा पुन्हा बोलले, अर्ज वाचले. कारकुनाच्या टेबलाशेजारी बसायची परवानगीही मिळाली. त्यातून जे हाती लागलं ते प्रगती अहवालात मांडलं.

समितीतल्या एका सदस्यांनी सुरुवातीलाच विचारलं, “गृहीतक कुठे आहे? मोजायचे घटक, म्हणजे चल, कोणते? नमुना किती? एका कार्यालयावरून काय सिद्ध करणार? हे वार्तांकन झालं, संशोधन नाही.” दुसरे जरा सौम्य होते. त्यांचा सल्ला : तीनशे जणांकडून प्रश्नावली भरून घ्या, ‘सुनावणीला का येता’ ते विचारा, टक्केवारी काढा आणि ही टिपणं परिशिष्टात टाका.

गाइड माझ्या बाजूने आहेत, पण उत्तर तुम्हालाच द्यायचं आहे असं त्या म्हणतात, आणि ते बरोबरच आहे.

‘का येता’ हे मी विचारून पाहिलेलं आहे. जवळजवळ प्रत्येक जण म्हणतो, “काम व्हावं म्हणून.” ते खोटं बोलत नाहीत. पण काम होत नाही हे त्यांना माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं माहीत आहे, त्यामुळे या उत्तराने माझं कोडं जागच्या जागी राहतं. हेच तीनशे वेळा लिहून घेऊन काय मिळेल?

समितीपुढे पुन्हा जायचं आहे. ‘आमची पद्धत वेगळी आहे, तुमचे निकष आम्हाला लागू नाहीत’ एवढंच म्हणून सुटका करून घ्यायची नाही. मला खरोखर समजून घ्यायचं आहे की अशा कामात चूक आणि बरोबर कशावरून ठरतं.

शून्य_गृहीतक

मी आकडेवाला. सर्वेक्षणांचे नमुने आखणं आणि त्यातल्या त्रुटी मोजणं हे माझं रोजचं काम. तरी तुमच्या समितीचा सूर मला पटला नाही. परिशिष्टात टाका म्हणणं म्हणजे न वाचताच बाजूला ठेवणं.

पण तुम्ही शेवटी जो प्रश्न विचारला आहे तो समितीने विचारायला हवा होता, आणि तो मी जरा ताणून धरतो. मानवशास्त्रज्ञ रॉबर्ट रेडफिल्ड यांनी १९३० मध्ये मेक्सिकोतल्या तेपोस्तलान या गावावर पुस्तक लिहिलं. त्यात गाव एकोप्याने नांदणारं, समाधानी दिसतं. पुढे ऑस्कर लुईस त्याच गावात गेले आणि १९५१ मध्ये त्यांनी लिहिलं ते भांडणं, दारिद्र्य, संशय आणि फाटाफूट यांनी भरलेलं होतं. मधे वर्षं गेली होती हे मान्य, पण गाव इतकं उलटंपालटं होण्याइतकी नाही. दोघंही तिथे राहिले, दोघांनीही टिपणं काढली. मग मी कुणावर विश्वास ठेवायचा? माझ्या नमुन्यात चूक असेल तर तिचा अंदाज मी सांगू शकतो. तुमच्या वाचनात, म्हणजे तुम्ही लावलेल्या अर्थात, चूक असेल तर ती तुम्हाला कशी कळणार?

१९९४ मध्ये किंग, कोहेन आणि व्हर्बा या राज्यशास्त्रज्ञांनी मांडलं की संशोधन संख्यात्मक असो की गुणात्मक, अनुमानाचं तर्कशास्त्र एकच. मला ते अजून पटतं. ते कुठे कमी पडतं हे कुणी दाखवून दिलं तर वाचायला आवडेल. मनापासून विचारतो आहे.

टिपणवही

शून्य_गृहीतक यांचा प्रश्न आधी घेते. समितीच्या खोलीत तो कुणी नीट उच्चारत नाही, पण बाकी सगळ्या आक्षेपांच्या मागे तोच असतो. मी अन्वयार्थी पद्धती, म्हणजे माणसांच्या कृतींचा अर्थ लावणाऱ्या पद्धती, बरीच वर्षं शिकवते आहे आणि स्वतःचं कामही पक्षांच्या बैठका, ठराव, शिष्टमंडळं अशा जागी बसून केलेलं आहे. तेव्हा जरा लांबण लागेल.

तेपोस्तलानच्या गोष्टीचा पुढचा भाग सहसा सांगितला जात नाही. १९५५ मध्ये रेडफिल्ड यांनी स्वतःच लिहिलं की माझ्या पुस्तकामागे एक न सांगितलेला प्रश्न होता : या माणसांना कशात आनंद वाटतो? लुईस यांच्या पुस्तकामागचा प्रश्न होता : ही माणसं कशाने त्रासलेली आहेत? म्हणजे दोन पुस्तकं एकाच प्रश्नाची दोन उत्तरं नव्हती. पण मला त्याहून मोलाची वाटते ती दुसरीच गोष्ट. लुईस यांना वाद घालता आला. काय वगळलं गेलं ते त्यांना नेमकं दाखवता आलं, कारण रेडफिल्ड यांनी आपलं वाचन तपशिलासकट समोर ठेवलं होतं. दुसऱ्याला खोडता येईल इतकं उघडं लिहायचं, ही या कामाची पहिली अट. नुसते निष्कर्ष लिहिले असते तर ते खोडायलाही काही उरलं नसतं.

आता मुळाशी येऊ. समितीला वाटतं की अर्थ ही माणसाच्या डोक्यातली गोष्ट आहे, डोक्यात कुणाला डोकावता येत नाही, तेव्हा तुम्ही लिहिता ते तुमच्या मनाचं. हा समज दूर झाल्याशिवाय पुढचं काहीच पटणार नाही. तत्त्वज्ञ चार्ल्स टेलर यांनी १९७१ मधल्या लेखात दाखवलं की काही अर्थ कुणा एकट्याच्या मालकीचे नसतातच. खोलीत कुणी हात वर केला तर ते मतदान ठरतं, कारण त्या खोलीतली माणसं एक व्यवहार मिळून चालवत असतात. तो व्यवहार नसेल तर मनात कितीही इच्छा असली तरी मत देता येत नाही. मानवशास्त्रज्ञ क्लिफर्ड गीर्ट्झ यांनी १९७३ मध्ये हेच संस्कृतीबद्दल म्हटलं : अर्थ सार्वजनिक असतो म्हणून संस्कृती सार्वजनिक असते.

तुमची पोच घ्या. शिक्का मारलेला तो कागद काय आहे, हे अर्जदाराच्या मनात शिरून शोधायचं नाही. त्या कागदाचं लोक काय करतात ते सगळ्यांच्या डोळ्यांसमोर घडतं. कारकून शिक्का मारायला केव्हा टाळाटाळ करतो? अधिकारी कुणाची जुनी पोच हातात घेतो आणि कुणाची नुसती नजरेखालून घालतो? रांगेतले लोक एकमेकांना पोच दाखवतात तेव्हा काय बोलतात? कागद हरवला तर माणूस काय करतो? हा सगळा पुरावा आहे. तो कुणीही जाऊन पाहू शकतं आणि तुमच्या वाचनाशी ताडू शकतं. म्हणूनच तुमचं वाचन चुकूही शकतं. जे चुकू शकतं त्याचीच शहानिशा होते.

‘काम व्हावं म्हणून’ या उत्तराबद्दल तुम्ही अस्वस्थ आहात ते अगदी योग्य आहे. राज्यशास्त्रज्ञ लिसा वेडीन यांनी हाफिझ अल-असद यांच्या काळातल्या सीरियाचा अभ्यास केला, पुस्तक १९९९ चं. तिथे राष्ट्राध्यक्षांना देशाचे पहिले औषधनिर्माते म्हणण्यापर्यंत स्तुतीची मजल गेली होती. हे कुणालाही खरं वाटत नव्हतं, म्हणणाऱ्यालाही नाही. ‘तुमचा यावर विश्वास आहे का’ असं विचारून तिथे काय हाती लागलं असतं? वेडीन यांनी प्रश्नच बदलला. विश्वास नसताना विश्वास असल्यासारखं वागायला लावणं, यातून सत्तेला काय मिळतं? मग त्यांनी विनोद, व्यंगचित्रं, चित्रपट, सोहळे यांतून त्याचा माग काढला. तुमचंही तसंच आहे. ‘का येता’ हा प्रश्न कारण मागतो, आणि कारण मागितलं की माणूस समाजात चालणारं कारण देतो. त्याऐवजी ‘मागच्या वेळी आलात तेव्हा काय काय झालं ते सुरुवातीपासून सांगा’ असं म्हणून पाहा. उत्तरात माणसं येतील, क्रम येईल, कुणी कुणाला काय म्हटलं ते येईल.

आता समितीचे प्रश्न. गृहीतक कुठे आहे? सुरुवातीला नाही, हे सरळ सांगा. तत्त्वज्ञ चार्ल्स सँडर्स पर्स यांनी निगमन आणि विगमन यांच्याखेरीज अनुमानाचा एक तिसरा प्रकार सांगितला आहे : समोर काही अनपेक्षित दिसतं, आणि काय खरं असेल तर हे अनपेक्षित राहणार नाही, याचा आपण शोध घेतो. तुमचं कोडं नेमकं असंच आहे. गृहीतकं तुमच्याकडेही असतात, पण ती कामाच्या मधोमध जन्मतात, पुढच्या सुनावणीला तपासली जातात, बरीचशी मरतात. ही मेलेली गृहीतकं प्रबंधात लिहा. अमुक वाचन मी काही काळ धरून होते, तमुक प्रसंगाने ते टिकलं नाही, असं तारखेसह लिहिलेलं प्रकरण वाचल्यावर ‘वार्तांकन’ म्हणणं कुणालाही जड जाईल.

नमुना किती? इथे आकडा देण्याच्या मोहात पडू नका. तुम्ही किती माणसांशी बोललात यापेक्षा किती जागांवरून पाहिलंत हे विचारलं गेलं पाहिजे. पेरिग्रीन श्वार्ट्झ-शे आणि द्वोरा यानो यांनी २०१२ मध्ये हा विचार नीट मांडला आहे : जिथून वेगळं ऐकू येण्याची शक्यता आहे अशा जागा मुद्दाम शोधून काढायच्या. टिमोथी पचिरात यांचं उदाहरण मी प्रत्येक वर्गात देते. ते अमेरिकेतल्या एका कत्तलखान्यात कामगार म्हणून लागले. तिथे दर बारा सेकंदांना एक जनावर मारलं जात होतं. आधी शीतगृहात यकृतं टांगायचं काम, मग जिवंत जनावरं पुढे हाकायचं, मग गुणवत्ता नियंत्रण. इमारत तीच, पण जागा बदलली की दिसणारं बदलत होतं. पहिल्या जागेवरून मारणं दिसतच नव्हतं, आणि ते का दिसत नाही हाच मग २०११ च्या त्यांच्या पुस्तकाचा विषय झाला. एकाच जागेवर कितीही माणसं वाढवली असती तरी हे हाती आलं नसतं.

तुम्ही बाक, रांग आणि टेबल या तीन जागा सांगितल्या आहेत. अधिकाऱ्याच्या दालनातून सुनावणी कशी दिसते? एकदा येऊन पुन्हा न फिरकलेले कुठे आहेत? तक्रार असून कधीच न आलेले? या जागा रिकाम्या असतील तर समितीच्या हातात खरा मुद्दा आहे, आणि त्यांनी काढण्याआधी तुम्हीच तो भरून काढा.

‘एका कार्यालयावरून काय सिद्ध करणार’ यावर फार वेळ घालवू नका. किती कार्यालयांत असं घडतं, हा तुमचा दावाच नाही. वेडीन यांचं काम वाचून कुणी सीरियातली टक्केवारी उचलत नाही. ‘असल्यासारखं वागणं’ ही कल्पना उचलतं आणि आपल्या जागी ती लागू पडते का ते पाहतं. लिंकन आणि गुबा यांनी १९८५ मध्ये म्हटलं होतं की हे लागू पडतं की नाही ते ठरवण्याइतका तपशील लेखकाने पुरवायचा आणि निवाडा त्या दुसऱ्या जागेच्या जाणकाराने करायचा.

शून्य_गृहीतक, किंग-कोहेन-व्हर्बा यांच्याबद्दल. चलांमधला संबंध शोधायचा असेल तर त्यांचं म्हणणं मला मान्य आहे. पण चल ठरवण्याआधी कुणीतरी ठरवलेलं असतं की ‘तक्रार’ म्हणजे काय, ‘समाधान’ म्हणजे काय, ‘मत’ कुणाचं असतं. लॉइड आणि सुझान रुडॉल्फ या दांपत्याने १९५७ मध्ये मद्रास राज्यात सर्वेक्षण केलं. मत एकेकट्या माणसाचं असतं आणि ते खासगीत सांगायचं असतं, असं धरून प्रश्नावली बनलेली होती. प्रत्यक्षात मुलाखतीला भोवती घरचे आणि शेजारचे जमत. पुढे सुझान रुडॉल्फ अमेरिकेतल्या राज्यशास्त्र संघटनेच्या अध्यक्ष झाल्या, तेव्हा अध्यक्षीय भाषणात त्यांनी हाच अनुभव पुन्हा मांडला. त्यांच्यासाठी तो मुलाखतीतला अडथळा नव्हता. आपण सोबत नेलेल्या कोटींवरच, म्हणजे वर्गवारीवरच, प्रश्न उभा करणारी ती माहिती होती. अनुमानाचं तर्कशास्त्र अशा जागी पोहोचण्याआधीच काम सुरू झालेलं असतं.

प्रबंधार्थी, तुमच्या टिपणांतला एखादा उतारा इथे देता येईल का? ओळख पटणार नाही असा. पद्धतीवर हवेत बोलण्यापेक्षा त्यावर बोलू.

प्रबंधार्थी

ताई, खूप आभार. मेलेली गृहीतकं लिहायची हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. मी ती वहीतून खोडत आले, पण खोडलेलं वाचता येतं.

उतारा देते. तपशील थोडे बदलले आहेत.

*वयस्क बाई. पाण्याची तक्रार. कारकून नोंदवही उलगडून : “मावशी, पाणी आलं ना?” “आलं.” “मग निकाली काढतो.” बाई पुढे वाकून वहीवर हात ठेवते. “निकाली नको लिहू. चालू ठेव.” “अहो पण काम झालं ना?” “झालं. तरी चालू ठेव.” मागे उभा असलेला पुरुष (चाळिशीचा, हातात जाड फाइल) : “बरोबर आहे त्यांचं. एकदा निकाली निघालं की आपण कोण?” कारकून अधिकाऱ्यांकडे पाहतो. अधिकारी समोरच्या कागदातून मान वर करत नाहीत. कारकून पेन खाली ठेवतो, पेन्सिल घेतो, रकान्यात काहीतरी लिहितो. बाई हात काढते. पुढचा.*

यावर माझं वाचन असं : प्रलंबित तक्रार ही या लोकांची कार्यालयातली जागा आहे. ती चालू आहे तोवर त्यांना इथे येण्याचा, बसण्याचा, नाव पुकारलं जाण्याचा हक्क आहे. तक्रार सुटली की ते पुन्हा अनोळखी होतात. म्हणून काम न होताही ते येतात, आणि काम झालं तरी तक्रार सोडत नाहीत.

हे लिहिल्यावर मला वाटलं की कोडं सुटलं. आता वाटतंय, इतक्या लवकर सुटायला नको होतं.

टिपणवही

उतारा उत्तम आहे. वाचन सुरेख आहे, आणि सुरेख आहे म्हणूनच त्याच्यावर आधी हल्ला करू.

‘आपण कोण’ हे शब्द बाईंचे नाहीत. ते मागच्या माणसाचे आहेत, आणि त्याच्या हातात जाड फाइल आहे. म्हणजे तुमच्या वाचनाचा मुख्य आधार दुसऱ्याच कुणाच्या तोंडून आला आहे. बाई फक्त म्हणतात, चालू ठेव. त्यांच्या बाजूने निदान दोन वेगळी वाचनं शक्य आहेत. एक अगदी साधं : पाणी पुन्हा जाईल, तेव्हा पहिल्यापासून अर्ज करायला नको. दुसरं : निकाली निघणं म्हणजे कार्यालयाच्या बाजूने हिशेब मिटणं, मग ज्या दिवसांत पाणी नव्हतं त्यांचं काय? पहिल्या वाचनात त्या पुढचा विचार करतात, दुसऱ्यात मागचा. तुमच्या वाचनात त्या आत्ताची जागा राखतात.

तिन्हींतून वेगवेगळ्या अपेक्षा निघतात. पाणी पुन्हा जाण्याची भीती असेल तर जिथे प्रश्न परत उद्भवणारच नाही (एखादा दाखला मिळाला, नावातली चूक दुरुस्त झाली) तिथे कुणी ‘चालू ठेव’ म्हणणार नाही. मागचा हिशेब असेल तर बोलण्यात गेलेले दिवस येतील, नुकसान येईल, कदाचित कुणी चूक कबूल करावी अशी मागणी येईल. जागा राखणं असेल तर दाखला मिळालेला माणूसही काहीतरी निमित्त काढून येत राहील. हे तुम्ही पाहू शकता. नोंदवहीत शोधू शकता. बाईंना विचारूही शकता, पण ‘का’ विचारू नका. ‘निकाली निघालेली एखादी जुनी तक्रार आहे का, तेव्हा काय झालं होतं?’ असं विचारा.

मागच्या माणसाने मधे बोलणं हीसुद्धा एक कृती आहे. तो बाईंचा अर्थ सगळ्या खोलीला सांगतो आहे. बाईंनी त्यावर मान हलवली का, दुर्लक्ष केलं का, हे टिपणात नाही. आठवत असेल तर आजच लिहा, आणि आठवणीतून लिहिलं असं शेजारी नोंदवा. राज्यशास्त्रज्ञ जेम्स स्कॉट यांनी मलेशियातल्या केदा राज्यातल्या एका भातशेतीच्या गावात दाखवलं आहे की कापणी-मळणी यंत्र आल्यावर काय घडलं ते गरीब एका प्रकारे सांगतात आणि जमीनदार दुसऱ्या. त्यातलं खरं कोणतं, एवढ्यावर स्कॉट थांबले नाहीत. घडलेल्याला कुणाचं नाव चिकटणार, याचीच तिथे झुंज होती. तुमच्या खोलीतही ‘निकाली’ आणि ‘चालू’ यांत तेच चाललेलं असेल.

आणि पेन्सिल. संपूर्ण उताऱ्यात मला सगळ्यात बोलकी वाटली ती पेन्सिल, आणि तुमच्या वाचनात तिचा उल्लेखच नाही. कारकुनाने पेन ठेवलं आणि पेन्सिल घेतली. म्हणजे ‘निकाली’ आणि ‘चालू’ यांच्या मधे त्याने तिसरी एक जागा तयार केली, जी शाईत नाही आणि खोडता येते. अधिकाऱ्यांचं मान वर न करणं हीसुद्धा परवानगीच असू शकते. वरवर कारकून नियम चालवतो, अर्जदार मागतो, असं दिसतं. पण इथे तिघं मिळून काहीतरी चालवत आहेत आणि तिघांनाही ते ठाऊक आहे. तुमचं कोडं ‘लोक का येतात’ हे होतं. मला वाटतं ते आता ‘हे कार्यालय आणि हे लोक मिळून काय टिकवून ठेवत आहेत’ इकडे सरकलं पाहिजे. हा प्रश्न बदलल्याची तारीखही प्रबंधात येऊ द्या.

अधिकाऱ्यांच्या न बोलण्याबद्दल एक. ली अ‍ॅन फुजी यांनी रवांडातल्या हिंसाचारानंतर घेतलेल्या मुलाखतींच्या आधारे २०१० मध्ये लिहिलं की अफवा, रचलेल्या गोष्टी, नकार, बगल देणं आणि मौन यांना माहितीतला कचरा समजून फेकू नये. माणूस काय म्हणतो याइतकंच तो ते कोणत्या परिस्थितीत म्हणतो किंवा टाळतो, हे त्यातून कळतं. तुम्ही मान वर न करणं टिपलंत. अशा गोष्टी टिपत राहा.

शून्य_गृहीतक

रेडफिल्ड यांचं १९५५ चं उत्तर मला माहीत नव्हतं. मानलं. तीन वाचनं, तिघांच्या तीन अपेक्षा आणि त्या तपासायच्या जागा, हे मी रोज करतो त्याच्या खूप जवळचं आहे. कोटी आधी कोण ठरवतं, या मुद्द्यावर मात्र मला अजून विचार करायचा आहे. सर्वेक्षणाआधी आम्ही मोजक्या लोकांशी बोलून प्रश्न पारखतो, पण ते प्रश्न समजला का एवढ्यापुरतं. प्रश्नच चुकीचा आहे का, हे आम्ही त्यांना विचारत नाही.

एक सूचना. पेन्सिलीच्या नोंदी मोजा. नोंदवही बघायला मिळत असेल तर किती नोंदी पेन्सिलीत आहेत, कोणत्या प्रकारच्या तक्रारींत, कोणत्या महिन्यांत. प्रलंबित प्रकरणांचा आढावा वरून घेतला जात असेल तर त्याच्या आधीच्या आठवड्यांत पेन्सिल वाढते की घटते? आढाव्यासाठी आकडा कमी दाखवण्याची ही क्लृप्ती असेल तर बाईंचा त्याच्याशी संबंधच नसेल, आणि तुमच्या तिन्ही वाचनांना चौथा स्पर्धक मिळेल.

टिपणवही

मोजाच. मोजणं आणि अर्थ लावणं यांत वैर नाही. मॅक्स वेबर समाजशास्त्राची व्याख्या करतात तीच मुळी अशी की सामाजिक कृतीचा अर्थ समजून घ्यायचा आणि त्यातून तिचा क्रम आणि परिणाम यांचं कार्यकारण सांगायचं. पेन्सिलीची नोंद म्हणजे काय हे कळल्यावर तिची संख्या बोलायला लागते. आढाव्याचा मुद्दा फार चांगला आहे, माझ्या लक्षात आला नव्हता.

संग्रहपाल

मी अभिलेखागारात काम करतो, संशोधकांच्या वह्या आणि ध्वनिफिती जतन करण्याचं. सगळी चर्चा वाचली आणि त्या कारकुनाची काळजी वाटली.

तुमचा सगळ्यात भक्कम पुरावा हाच एका माणसाला सगळ्यात जास्त अडचणीत आणणारा आहे. शासकीय नोंदवहीत पेन्सिलीने लिहिणं कुठल्याही चौकशीत त्याच्यावर शेकू शकतं. कार्यालयाचं नाव लपवलं तरी तिथल्या लोकांना तो कोण हे लगेच कळेल. आणि पेन्सिलीच्या नोंदींचा तक्ता प्रबंधात आला तर वरच्यांना शोधायलाही सोपं.

समिती कच्ची टिपणं मागू शकते, याचीही तयारी ठेवा. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या राज्यशास्त्राच्या बऱ्याच नियतकालिकांच्या संपादकांनी ठरवलं की लेखकांनी आपली सामग्री शक्य तितकी खुली करावी. क्षेत्रात उतरून काम करणाऱ्यांकडून त्यावर जोराचे आक्षेप आले : टिपणवही ही आकड्यांच्या तक्त्यासारखी जशीच्या तशी कुणाच्या हाती देता येत नाही, त्यात विश्वासाने सांगितलेलं असतं. वाद चांगला लांबला. मी स्वतः जतन करण्याच्या बाजूचा आहे, तरी हा आक्षेप मला पूर्ण पटतो.

जतनाबद्दलही सांगतो. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी १९४८ मध्ये केलेल्या क्षेत्रकार्याची, मेहनतीने तयार केलेली टिपणं १९७० मध्ये स्टॅनफर्ड इथल्या आगीत गेली. तिन्ही प्रती एकाच ठिकाणी होत्या. पुढे त्यांनी स्मरणातून लिहिलं आणि १९७६ मध्ये ते पुस्तक आलं. तुमच्या वहीची प्रत दुसऱ्या जागी ठेवा, आणि नावं व खुणा जुळवणारी यादी तिसऱ्या.

प्रबंधार्थी

हे वाचून धस्स झालं. पेन्सिल काढून टाकली तर वाचन उभं राहत नाही. ठेवली तर त्यांचं काय? दोन-तीन कारकुनांचं मिळून एक पात्र करावं का? काही जण असं करतात असं ऐकलंय.

टिपणवही

संग्रहपाल यांनी वेळेवर सांगितलं. मिश्र पात्र करू नका. काही अभ्यासक करतात, पण तुमच्या कामात कोण कुठे बसलं होतं आणि कोण कुणाकडे पाहत होतं हाच पुरावा आहे. दोन माणसं एकत्र केली की तो पुरावा तुम्ही बनवलेला होतो, आणि मग शून्य_गृहीतक यांच्या प्रश्नाला तुमच्याकडे उत्तर राहत नाही.

माझं मत असं. कार्यालयाचा प्रकार, काळ, ठिकाण हे सगळं इतकं धूसर करा की बाहेरच्याला माग लागणार नाही. आतल्यांपासून लपवणं शक्य नाही हे गाइडना आणि नीतिसमितीला लेखी कळवा. पेन्सिलीची मोजणी तुमच्या समजेसाठी करा, प्रबंधात तक्ता देऊ नका. आढाव्याच्या आसपास नोंदी वाढल्या की घटल्या एवढं वाक्यात येऊ शकतं. कच्ची टिपणं मागितली तर निवडक उतारे ओळख पुसून द्या, आणि पूर्ण वही का देत नाही ते पद्धतीच्या प्रकरणात आधीच लिहून ठेवा. आधी लिहिलेलं धोरण वाटतं, मागितल्यावर सांगितलेलं सबब वाटतं.

आणि प्रकरण समितीकडे जाण्याआधी ते पान घेऊन त्या कारकुनाकडे जा, कार्यालयाबाहेर, त्यांच्या सवडीने. वाचून दाखवा. शाई किंवा पेन्सिल असा उल्लेखच नको म्हणाले तर ‘तात्पुरती नोंद’ लिहा आणि वाचन त्या आधारावर पुन्हा तपासा, मला वाटतं ते टिकेल. तोही उल्लेख नको म्हणाले तर काढा. ते काय म्हणाले, कसं म्हणाले, कोणत्या शब्दाशी थांबले, हे मात्र घरी आल्यावर लगेच वहीत लिहा. पेन्सिल का उचलली हे तुम्ही विचारलेलं नसतानाही ते कदाचित त्याबद्दल बोलतील, आणि आपण इथे काढलेल्या चारही वाचनांत ते बसेलच असं नाही.